आबाला सांग

मला थांबता येत नाही. हा स्वभाव मी माहेराहून आणलाय. माहेर पूर्णेचं, घर रुळांना लागून, वडील रेल्वेत. आमच्याकडे भाजीला फोडणीसुद्धा गाडीच्या वेळेवर पडायची. एखादी गाडी जंक्शनच्या बाहेर सिग्नलला अडकली की आतली माणसं निवांत शेंगा सोलत बसायची, आणि मी अंगणात उभी राहून त्यांच्या वतीनं तळमळायची. अशा बाईच्या पोटी न बोलणारी लेक आली. तिच्यासाठी परभणीच्या ताईंनी मला जे पहिलं औषध सांगितलं ते एका शब्दाचं होतं. थांबा.

ताई म्हणजे परभणीत न बोलणाऱ्या लेकरांना चित्रांनी बोलायला शिकवतात त्या. लेक तीन वर्षांची होऊन गेली तरी तोंडातून शब्द नाही, कान तपासले तर कान ठणठणीत, म्हणून कुणीतरी आम्हाला त्यांच्याकडे पाठवलं. गावातून सोनपेठपर्यंत ऑटो, तिथून एसटी, आणि एसटीत लेक कधी खिडकीच्या दांड्याला चाटतेय तर कधी पुढच्या बाईच्या वेणीला लोंबकळतेय. परभणी येईपर्यंत माझ्या अंगाचं पाणी झालेलं असायचं. आणि तिथं पोचल्यावर ताई म्हणणार, घाई करू नका.

पद्धत सांगायला सोपी आहे. प्लास्टिक चढवलेली छोटी छोटी चित्रं, त्यांच्या मागे बुटाला असते तसली चरचर करणारी पट्टी. सगळी चित्रं एका फाईलमध्ये चिकटवलेली. बिस्कीट हवं असेल तर लेकरानं बिस्किटाचं चित्र काढायचं आणि समोरच्याच्या हातात द्यायचं. ते जमलं की फाईलच्या खालच्या लांब पट्टीवर दोन चित्रं ओळीत लावायची, मग तीन. ती पट्टी काढून समोरच्याला द्यायची. समोरच्यानं एकेका चित्रावर बोट ठेवून मोठ्यानं वाचायचं आणि वाचल्याबरोबर ती वस्तू द्यायची. एवढंच. पण लेकराचा हात उठेपर्यंत मधल्या वेळात काही बोलायचं नाही. पाणी पाहिजे का, भूक लागली का, हे तर मुळीच विचारायचं नाही. माझा हात दर वेळी लेकीच्या आधी चित्रावर जायचा. शेवटी ताई म्हणाल्या, "तुम्ही असं करा, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसत जा." तशी बसले की मला आतून मुंग्या यायच्या.

ताईंनी दिलेली चित्रं आमच्या घरात चालेनात. त्यातली भाकरी म्हणजे पावाचा चौकोनी तुकडा. आमच्या लेकीनं पाव बघितलेला तो फक्त सोनपेठच्या बाजारात, तोही लांबून. 'खा' या चित्रातला मुलगा चमच्यानं काहीतरी खात होता, आणि आमच्या घरात चमचा लागतो तो डब्यातलं तिखट काढायला. मग मी मोबाईलवर आमचीच चित्रं काढायला घेतली. भाकरीचा फोटो ताटलीत ठेवून काढला, तर ती चित्र देऊन ताटली मागायला लागली. पुन्हा तव्यावरच्या भाकरीचा काढला, तेव्हा कुठे पटलं. 'खा'साठी नवऱ्यानं माझाच फोटो घेतला, घास तोंडाशी आणि जबडा एवढा मोठा वासलेला की झेरॉक्सवाल्यानं तो छापताना दोनदा माझ्याकडे बघितलं. आबाचा, म्हणजे तिच्या आजोबाचा फोटो काढायचा म्हटलं तर माणूस आधी आत जाऊन पटका बांधून आला, खांद्यावर घोंगडी टाकली आणि आधार कार्डाला बसतात तसा श्वास रोखून बसला. पण लेकीनं तो फोटो बघितल्याबरोबर ओळखला.

ओळखायची सगळंच. तिचं घोडं अडलं होतं ते पुढे. एकेका चित्रात ती सगळं कोंबायची. 'संपलं' म्हणून एक चित्र होतं, रिकामी वाटी. वाटीतलं दूध संपलं की ते द्यायची, लाईट गेली की तेच द्यायची, बाप ट्रॅक्टर घेऊन कारखान्यावर निघाला की धावत जाऊन त्याच्या हातात तेच कोंबायची. मला ते कळायचं. कारण मी आई होते आणि दिवसभर तिच्यामागे होते. पण दोन चित्रं स्वतःहून शेजारी लावायचं तिनं कधी केलं नाही. ताईंच्या खोलीत, मागून कुणी हाताला हात लावला तर लावायची, तेही उलटं. जे पाहिजे ते आधी. बिस्कीट, मग 'मी', म्हणजे तिचा स्वतःचा फोटो. ताई म्हणायच्या, लहान लेकरं असंच करतात, आधी मनातलं, मग माणूस, क्रमाचं राहू द्या. दोन चित्रं स्वतःहून जोडली की वाक्य सुरू झालं असं समजा.

आणि मला त्या दोन चित्रांची घाई होती. जूनपासून तिला सोनपेठला बालवाडीत घालायचं होतं. तिथल्या बाई वाईट नव्हत्या, पण स्पष्ट होत्या. "तिला काय होतंय, काय पाहिजे, कुणाला पाहिजे, हे तिनं सांगितलं तर मी घेते. नुसतं वाटीचं चित्र दिलं तर मी काय समजू? इतक्या लेकरांत मी ओळखत कुठं बसू?" परतीच्या ऑटोत मी एकच विचार करत होते की मी नसले तर हिचं बोलणं कुणाला कळणार. बालवाडी हे निमित्त होतं. खरी भीती त्याच्या पुष्कळ पुढची होती, आणि ती मला भाकरी थापतानासुद्धा सोडत नव्हती.

आता मामांबद्दल सांगते. लेकीचा आबा म्हणजे माझे सासरे. त्यांना मी मामा म्हणते, आमच्याकडे तसंच म्हणतात. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. घरात मामा, मी आणि लेक. नवरा हंगामभर ऊस वाहतुकीवर, घरी आला तर पाहुण्यासारखा. मामांची उभी हयात मेंढरांमागे गेली. आता गुडघे दुखतात म्हणून लांब जात नाहीत, गावच्या शिवारातच चारून आणतात.

या घराची एक रीत आहे. सून आणि सासरा समोरासमोर बोलत नाहीत. पदर डोक्यावर आणि तोंड दुसरीकडे. लग्न होऊन आले तेव्हा मला हसू यायचं. दोन खोल्यांचं घर, त्यात बोलायचं नाही म्हणजे काय. पण अंगवळणी पडलं. सुरुवातीला मामा मला सांगायचं ते शेळीला सांगत. दारात दुधाची शेळी बांधलेली असायची, तिला म्हणायचे, "आज चहात साखर पडली न्हाई वाटतं." लेक झाल्यावर शेळी त्या कामातून सुटली आणि सगळं बोलणं लेकीकडे आलं. "आईला सांग, उद्या बाजार हाय." "आबाला सांग, औषध संपलंय, आणावं लागतंय." ती मधे कुठेतरी मातीत बसलेली असायची. तिच्या डोक्यावरून आमचा सगळा संसार चालायचा, आणि निरोप्या कोण, तर जिच्या तोंडून शब्द फुटत नाही ती. याचं मला तेव्हा हसूही येत नव्हतं, इतकं ते नेहमीचं होतं.

तर या मामांना चित्रांचा राग होता. राग असा की फाईल मी खिळ्याला अडकवली ती चौकट सोडून ते दुसऱ्या बाजूनं आत यायचे. त्यांचं म्हणणं मी पहिल्यांदा पूर्ण ऐकलं ते त्यांनी नातीला मांडीवर घेऊन तिला सांगितलं तेव्हा.

"बाये, मेंढरं घेऊन मी मुलूखभर हिंडलो. कुनाच्या दारात हात पसरला न्हाई. आन आपल्या घरात तर पाव्हण्याला बी पानी मागायची पाळी येत न्हाई, त्याच्या आधी तांब्या म्होरं असतो. आन तुला तुझी आई घरातल्या घरात कागद देऊन भाकर मागाया शिकवायलीय. कामून? आमी मेलाव का?"

हे बोलणं मला झोंबलं, कारण ते खोटं नव्हतं. या घरात मागावं लागणं म्हणजे वाढणाऱ्याची अब्रू जाणं. ताटातली भाकरी संपत आली की दुसरी पडलीच पाहिजे. मामा त्याच मायेनं लेकीला वाढायचे. ती कूस बदलायच्या आत त्यांना कळायचं तिला काय हवंय. संध्याकाळी मेंढरं घेऊन आले की कोपरीच्या खिशातून फुटाणे काढून तिच्या ओंजळीत. चित्र काढायची तिला गरजच काय? दिवसभर मी हात मांडीखाली दाबून बसायची आणि संध्याकाळी एका मुठीत सगळं पाण्यात. ताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आजोबांना समजावून सांगा." मी मनात म्हटलं, कशी सांगू, शेळीमार्फत?

थंडी सरत आली होती. बालवाडीच्या बाईंकडे जाऊन आले त्याच दिवशी संध्याकाळी माझा तोल गेला. मेंढरं आली, कोकरांचा आणि त्यांच्या आयांचा एकच कालवा चाललेला, आणि लेक पळत जाऊन मामांच्या धोतराला लोंबकळली. त्यांचा हात खिशात गेला. मी चुलीपुढून उठून ओसरीच्या कडेला आले आणि भिंतीकडे तोंड करून, पण त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आबाला सांग, चित्र दिल्याबिगर काही देऊ नका म्हणावं. देत राहिले तर ही जन्मात बोलायची न्हाई."

मामांचा हात खिशातच राहिला. मग त्यांनी फुटाण्याची पुडी काढून कोनाड्यात ठेवली. लेकीनं आधी त्यांच्याकडे बघितलं, मग पुडीकडे, आणि मातीत आडवी पडून जो आवाज लावला तो पार वेशीपर्यंत गेला असेल. मी हलले नाही. मी चुकले असं मला आजही वाटत नाही. मामा कितीतरी दिवसांनी शेळीकडे वळले.

"ऐकलं का गं? हितं आता लेकराला बी मागावं लागतंय. मग मला बी मागितल्याबिगर कोन द्यायचं? आन मला तर मागाया येत न्हाई."

त्या रात्री ते जेवले नाहीत. मी ताट वाढून ओसरीवर ठेवलं, ते तसंच राहिलं. म्हटलं, सकाळी राग उतरेल. सकाळी उठून बघते तर न्याहारीची भाकरी मी फडक्यात बांधून ठेवलेली तिथंच, आणि माणूस मेंढरं घेऊन गेलेला.

तो दिवस मी कसा काढला ते विचारू नका. हातात काम टिकेना. ज्वारी निवडायला घेतली, ती अर्धवट टाकून गोठा झाडायला गेले, तो अर्धवट टाकून रस्त्यावर येऊन बघून आले. दुखऱ्या गुडघ्यांचा म्हातारा माणूस उपाशीपोटी उन्हात, आणि लोक काय म्हणतील, सुनेनं भाकर दिली न्हाई. नवऱ्याला फोन लावला तर तो ट्रॅक्टरच्या आवाजात म्हणाला, "तुमचं तुमी बघा, दोघं बी सारखेच हाव." फोन ठेवून मला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला. सगळं कशासाठी चाललं होतं, तर दोन चित्रांसाठी. आणि लेक फाईलकडे ढुंकूनही बघत नव्हती. दुपारी मी तिच्यापुढे फुटाण्याची वाटी ठेवून, हात मांडीखाली दाबून बसले. तिनं एक चित्र दिलं. फुटाणे. एकच. मी वाचलं, दिले. ती खाऊन उठून गेली.

संध्याकाळी मेंढरं आली. मामांनी कोकरं सोडली, पाजली, डालग्याखाली झाकली आणि अंगणातल्या बाजेवर येऊन बसले. तोंड उतरलेलं होतं. मी ओसरीवरच्या चुलीपाशी, पहिली भाकरी तव्यावर, दुसरी परातीत. चुलीपासून बाज दहा हातांवर. उठून ताट नेऊन ठेवलं असतं तर पुन्हा तसंच परत आलं असतं. मी पदर सारखा केला आणि रोजच्या सवयीनं, तव्याकडे बघतच म्हणाले, "आबाला सांग, भाकर खाऊन घ्या म्हणावं."

खरं सांगायचं तर तेव्हा लेक कुठे आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं. ते वाक्य मी मामांना म्हणत होते.

चौकटीकडून चरचर आवाज आला. म्हटलं, लागली बिस्किटाला. पुन्हा चरचर. मग काही वेळ काहीच नाही, आणि पुन्हा एकदा. मी मान वळवली. लेक पट्टी फाईलवरून ओढून काढत होती. पट्टी घेऊन ती माझ्याकडे आली, कारण काही मागायचं असलं की चित्र माझ्याकडेच यायचं, आणि मी पिठाचा हात पुढे केला. ती माझ्या हाताला वळसा घालून पुढे गेली. ओसरीची पायरी उतरली, बाजेपाशी गेली आणि पट्टी मामांच्या नाकासमोर धरली.

मामांनी तिच्या हातून आजवर एक चित्र घेतलं नव्हतं. ते दुसरीकडे बघत राहिले. ती उभीच. तिला थांबता येतं, ते तिनं माझ्याकडून घेतलेलं नाही. शेवटी त्यांनी पट्टीकडे बघितलं. मामांना अक्षर वाचता येत नाही. मी वाचताना त्यांनी कधी चोरून बघितलं होतं कुणास ठाऊक, पण त्यांनी बरोबर पहिल्या चित्रावर बोट ठेवलं. पटका, घोंगडी, रोखलेला श्वास.

"आबा," ते म्हणाले.

बोट पुढे सरकलं. "भाकर."

तिसऱ्यावर माझा वासलेला जबडा होता. तिथं ते जरा अडखळले. "खा."

माझे हात परातीत तसेच राहिले. तिनं स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. मी सोडलेला निरोप तिनं पोचवला होता. जन्मल्यापासून आम्ही दोघं तिला सांगत आलो होतो, आबाला सांग, आईला सांग, आणि ती प्रत्येक निरोप घेत आली होती. आम्हाला वाटायचं ती ऐकतच नाही. तिला ऐकू येत होतं, कळत होतं, आणि ते निरोप आपल्याला सांगितलेत हेही ती खरं धरून चालली होती. फक्त पोचवायला तिच्याजवळ काही नव्हतं. मला भडभडून आलं. डोळे पुसायला गेले तर पीठ डोळ्यांत.

मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग घसा खाकरून, दुसरीकडे बघत, पण रोजच्यासारखं लांब फेकून नाही, तिच्या तोंडाशी वाकून म्हणाले, "आईला सांग, वाढ म्हनावं."

मला ते स्वच्छ ऐकू आलं. मी उठून ताटाकडे वळलेसुद्धा. लेक पट्टी घेऊन परत ओसरीवर चढली आणि फाईलपुढे जाऊन उभी राहिली, तेव्हा मी होते तिथं खाली बसले. हात मांडीखाली दाबले, पिठासकट.

ती शोधत होती. एक पान उलटलं, दुसरं उलटलं, पुन्हा पहिलं. मला माहीत होतं, 'वाढ'चं चित्र त्या फाईलमध्ये नव्हतं. ते करायचं मला सुचलंच नव्हतं, या घरात तो शब्द कुणाला म्हणावाच लागला नव्हता. जीभ नुसती शिवशिवत होती. तव्यावरून करपल्याचा वास यायला लागला. बाजेवरून मामाही मान उंच करून थांबले होते.

तिनं माझा वासलेला जबडा पट्टीवरून उपटून परत फाईलमध्ये जागेवर लावला. मग खालच्या ओळीतून माझं दुसरं चित्र काढलं, पदर घेतलेलं, 'आई'चं, आणि ते शेवटी चिकटवलं. पट्टी माझ्यापुढे धरली. आबा, भाकरी, आई.

मी एकेका चित्रावर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं. ताट घेतलं. तव्यावरची भाकरी एका बाजूनं काळी झाली होती, पण दुसरी भाजेपर्यंत कोण थांबतंय. तीच वाढली. मामांनी ती सगळी खाल्ली.